मांजर आणि चिंचिला: फिरणाऱ्या संदेशाबद्दल खुलासा
'लहानपणापासून एकत्र वाढवलं की मांजर चिंचिलाला काही करत नाही, दोघांना खुशाल मोकळं सोडा,' असा संदेश फिरतोय. चिंचिला म्हणजे उंदीर-खारीसारखा कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी. हे धोक्याचं आहे. मांजरीशेजारी निश्चल बसलेला चिंचिला घाबरून थिजलेलाही असू शकतो. अँडीज पर्वतातला हा जेमतेम अर्ध्या किलोचा जीव पकडला गेला की केसांचा पुंजका सोडून निसटू पाहतो. मांजरीपुढे तेवढं पुरत नाही. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला जिवाणू असतात, त्यामुळे खेळताना लागलेला बारीकसा दातही चिंचिलाच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी घरातलं अमॉक्सिसिलिन (जिवाणू मारणारं अँटिबायोटिक औषध) तोंडावाटे मुळीच देऊ नका, त्याने आतडी बिघडून चिंचिला दगावू शकतो. तडक पशुवैद्याकडे न्या. दोघं एका घरात जरूर राहू शकतात, पण चिंचिला पिंजऱ्याबाहेर असताना मांजर बंद दाराआडच हवी.