रुपये एक फक्त

एक लाखाला तीनने भागलं की काय उरतं, हे चौथीतल्या पोराला विचारा, तो सांगेल एक. आमच्या लेखा विभागात उरतो तो प्रस्ताव. परत आलेला.

परवा मंगळवारी आला. पेठ तालुक्यातल्या बचत गटांच्या बायकांना नागलीचे (नाचणीचे) पदार्थ, पॅकिंग आणि हिशेब शिकवायचा, पावणेनऊ लाखांचा, एका वर्षाचा. अठ्ठावीस पानं, सहा परिशिष्टं. पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा : 'गोषवाऱ्यात रु. १/- चा फरक. पूर्तता करून फेरसादर करावे.'

हा रुपया कुठून येतो ते सांगते, कारण विस्तार विभागात, म्हणजे गावोगावी प्रशिक्षण नेणाऱ्या आमच्यासारख्या विभागात, काम करत असाल तर कधी ना कधी तो तुमच्याही मानगुटीवर बसणार आहे. प्रशिक्षण साहित्य एक लाखाचं, तीन समान टप्प्यांत. एक्सेलच्या पोटात प्रत्येक टप्पा असतो ३३,३३३.३३. तक्ता सुबक दिसावा म्हणून आपण दशांश लपवतो, चौकटीत ३३,३३३ दिसतं. बेरीज मात्र एक्सेल पोटातल्या आकड्यांची करतं, म्हणून खाली डौलात १,००,०००. दिसणारे आकडे कॅल्क्युलेटरवर घेतले की ९९,९९९. पहिल्या दोन चौकटींत 'राउंड'चं सूत्र घालायचं आणि तिसरीत 'एकूण वजा आधीचे दोन', म्हणजे तिथे ३३,३३४ येतं आणि घरात शांतता नांदते. सूत्र मला पाठ आहे. पण ते घालायचं राहिलं, कारण प्रस्ताव भरला नेमकं त्याच दिवशी पोर्टल पाचला बंद होणार होतं, फाइल पाच एमबीच्या वर चढवून घेत नव्हतं आणि माझी स्कॅन केलेली परिशिष्टं अकरा एमबीची झाली होती. नंतर मुदत आठवड्याने वाढली. ती वाढतेच, पण हे आपल्याला पाच वाजून गेल्यावर कळतं.

तर प्रस्ताव काखेत मारून मी लेखा विभागातल्या भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेले.

भाऊसाहेबांचा कॅल्क्युलेटर पाटाएवढा आहे. त्यावर ते एक्सेलची बेरीज तपासतात. "यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही मॅडम," असं म्हणत दुसऱ्या यंत्राची बटणं दाबतात. अठ्ठावीस पानांतल्या सगळ्या उभ्या बेरजा, सगळ्या आडव्या बेरजा. रुपया त्यांनी तिसऱ्या पानावर पकडला होता आणि पकडलेला उंदीर मांजर जसं दाखवायला आणतं, तसा तो ते मला पुन्हा पुन्हा दाखवत होते.

माझा राग रुपयावर नाही. मागच्या वर्षी एका संशोधन प्रस्तावात मी मुंबईच्या मैत्रिणीचा तक्ता उचलला होता. कनिष्ठ संशोधन अधिछात्र, महिना ३७,००० आणि त्यावर घरभाडं भत्ता. मुंबई एक्स वर्गातलं शहर, तिथे ३० टक्के. नाशिक वाय वर्गात, इथे २०. मी आकडा बदलायला विसरले. म्हणजे महिन्याला ७,४०० ऐवजी ११,१००. फरक ३,७००, वर्षाचा ४४,४००. गंमत म्हणजे नाशिकच्या दराने त्या पोराचा भत्त्यासकट एका महिन्याचा पगारच ४४,४०० होतो. अख्खा तेरावा महिना! तो प्रस्ताव ह्याच टेबलावरून, ह्याच कॅल्क्युलेटरखालून, शिक्का घेऊन पुढे गेला. बेरीज बरोबर होती ना. चुकीच्या आकड्यांचीसुद्धा बेरीज बरोबर येते, आणि ह्या खोलीत बेरजेपलीकडे कोणी बघत नाही.

तसंच लॅपटॉपचं. कोटेशन ४८,००० चं, आपण तक्त्यात ४८,००० लिहितो. कोटेशनच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'कर अतिरिक्त'. अठरा टक्के धरले की ५६,६४०. वरचे ८,६४० मग प्रवासातून काढायचे, त्यासाठी शीर्षबदलाची (एका खर्चाचे पैसे दुसऱ्यात वळवण्याची) परवानगी मागायची, आणि परवानगी येईपर्यंत दुकानदार म्हणणार, मॅडम ते मॉडेल बंद झालं.

असो. भाऊसाहेब आता चहाच्या ओळीवर आले होते. माझ्या तक्त्यात 'चहा : ४० महिला × २ वेळा × रु. १० = रु. ८००, प्रति कार्यशाळा' अशी ओळ होती.

"चहा चालत नाही. अल्पोपहार लिहा."

"पण चहाच देणार आहोत."

"द्या ना. लिहा अल्पोपहार."

"आणि दोनदा कशाला?" हा आवाज मागून आला.

मागच्या बाकावर एक काका बसले होते. पांढरा लेंगा, सदरा, मांडीवर कापडी पिशवी. नातीच्या दुय्यम गुणपत्रिकेचं चलन घेऊन आले होते आणि ज्याने शिक्का मारायचा तो जेवायला गेला होता. तीनचा सुमार होता, पण ते असो. पेठ-सुरगाण्याकडे ग्रामसेवक म्हणून नोकरी झालेली. टेबलावरचा माझा कागद ते पलीकडून, उलटा वाचत होते.

"सवय आहे ताई," ते म्हणाले, "साहेबाच्या टेबलावरचा कागद आम्हाला उलटाच दिसायचा सगळी नोकरी." आणि कोणी बोलावलेलं नसताना खुर्ची सरकवून आमच्यात येऊन बसले.

मला वाटलं, चहाचा एक कप कापतील. त्यांनी वाढवला. "चाळीस बाया म्हणता. पोरं कुठे ठेवून येतील त्या? काखेतली, बोटाला धरलेली, वीस तरी धरा. पोरांना चहा नको, दूध-बिस्किट लिहा."

"मुलं लाभार्थी नाहीत," भाऊसाहेब म्हणाले.

"मग त्यांना ओट्यावर बसवून आपण आत खायचं का?"

भाऊसाहेबांनी कॅल्क्युलेटरचं 'सी' बटण दोनदा दाबलं. पडद्यावर आधीच शून्य होतं.

काकांनी पान उलटलं. माझं पान, माझ्या हातातून. "ही गाडी कुठली?"

गाडीची ओळ माझी आवडती होती. दीडशे किलोमीटर गुणिले १६ रुपये गुणिले २४ फेऱ्या, ५७,६००. पेठपर्यंत जाऊन-येऊन अंतर मोजलं होतं, वर पाड्यांवरचं फिरणं धरलं होतं. काका ओळीकडे असे बघत राहिले, जसं आपण लग्नपत्रिकेत वधूचंच नाव चुकलेलं बघतो.

"बाहेरगावी गाडी नेली की गाडीवाला दिवसाचे तीनशे किलोमीटर धरतो. तुम्ही फिरा नाहीतर गाडीत झोपा. दीडशेचं बिल देणारा ड्रायव्हर मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो."

खरं होतं. ३०० गुणिले १६, म्हणजे दिवसाला ४,८००. चोवीस फेऱ्यांचे १,१५,२००. पन्नास टक्के तूट तक्त्यात चुपचाप बसली होती आणि बेरीज शंभर टक्के बरोबर होती. माझ्या पोटात गोळा आला. काकांच्या नाही.

"एका दिवसात दोन गावं घ्या. सकाळी एक, दुपारून दुसरं. बारा फेऱ्या." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तुमचे तेवढेच पैसे होतात बघा."

बारा गुणिले ४,८००. ५७,६००. एक पैसाही न बदलता. भाऊसाहेबांनी ते दोनदा ठोकून पाहिलं आणि पहिल्यांदाच कॅल्क्युलेटरकडे संशयाने बघितलं.

"आणि ड्रायव्हरचं जेवण? का तोही तुमच्या नागलीच्या बिस्किटांवर?" रोजचे ३००, बारा दिवसांचे ३,६००, आकस्मिक खर्चातून. त्याचसाठी असतो तो. लोक त्यातून डायऱ्या छापतात.

मग वेळापत्रकाचं पान आलं. प्रस्तावातलं हे सर्वांत देखणं पान. रंगीत पट्ट्या, महिने आडवे, कामं उभी. पहिला टप्पा जुलै, दुसरा नोव्हेंबर, तिसरा फेब्रुवारी. पट्ट्या समान लांबीच्या, कारण मी त्या कॉपी-पेस्ट केल्या होत्या.

काकांनी चष्मा काढून पुसला. "जुलैत तुम्हाला तिकडे बाई भेटणार नाही. भेटली तर वाकलेली भेटंल, चिखलात. आवणी, म्हणजे लावणी, असते. भाताची, नागलीची. सावळघाटात धुकं असं, की पुढची गाडी हॉर्नवर ओळखायची. आवणी उरकली की ऑगस्ट-सप्टेंबर घ्या, तेव्हा बाया घरी असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर कापणी-झोडणी. दिवाळी झाली की निम्मं गाव निफाड-दिंडोरीला, द्राक्षाच्या बागांत. फेब्रुवारीत ऐन खुडा चालू. तुम्ही पाड्यावर जाल तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या. त्यांना शिकवा पॅकिंग."

"मग तिसरा टप्पा?"

"बागेत घ्या की! बाया तिथेच हायेत. संध्याकाळी कामावरून आल्या की. नाशिकहून जवळ पडतं, गाडीचे पैसे वाचतात."

मला हे इतकं पटलं, की मी पेन उघडलं. भाऊसाहेबांनी हाताने थांबवलं. "कार्यक्षेत्र पेठ तालुका लिहिलंय. निफाडला कार्यशाळा घेता येणार नाही."

"माणसं पेठचीच आहेत ना पण," काका म्हणाले.

"माणसं असतील. कार्यशाळा निफाडची होईल."

"म्हणजे बाई निफाडात असली तरी तिला पेठमध्ये शिकवायचं?"

"मंजुरीत जे क्षेत्र असेल त्याच क्षेत्रात."

हे संभाषण आणखी दहा मिनिटं चाललं. मी ते पुढे देत नाही, कारण त्यात शब्द हेच होते, आवाज तेवढा चढत गेला. अंबड-सातपूरच्या कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेला, पैसा मागायला गेलं तर तिथेही हाच प्रश्न फिरून येतो, जरा इंग्रजीत : लाभार्थी किती, प्रति लाभार्थी खर्च किती. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे असतात, आपली सीएसआर-१ नोंदणी (हा पैसा घ्यायला लागते ती) आहे का ते पाहायचं असतं, सगळं मान्य. पण लाभार्थी वर्षाच्या कोणत्या महिन्यात कुठे असतो, ह्याची चौकट मी एकाही अर्जात पाहिलेली नाही.

आणि समजा, मंजूर झालं. जूनमध्ये मागितलेला पैसा जानेवारीत येतो, ३१ मार्चला वर्ष संपतं. अडीच महिन्यांत वर्षाचं काम उरकायचं, खात्यात पडून राहिलेल्या पैशांवरचं व्याज परत करायचं (हे हमखास विसरतात, आणि मग पुढचा हप्ता चारशे-पाचशे रुपयांच्या व्याजापायी अडतो), सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नमुना १२-अ वर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चला असा दाखला, द्यायचं. न जमलं तर शेरा येतो : 'निधी खर्च करण्यात उदासीनता.' उदासीनता! ह्या प्रस्तावाच्या तीन प्रती, स्पायरल बायंडिंग आणि रंगीत वेळापत्रक मिळून ६४० रुपये मी पदरचे घातलेत. मंजुरीपूर्वीचा खर्च ग्राह्य नसतो, आणि मंजुरीनंतर प्रस्तावाच्या झेरॉक्सची गरज नसते. त्यामुळे प्रस्ताव तयार करण्याचा खर्च जगातल्या कुठल्याच शीर्षात बसत नाही. तो आमच्या पर्समध्ये बसतो.

साडेचारला भाऊसाहेबांचा चहा आला. एक कप. कोणत्या शीर्षातून, मी विचारलं नाही.

शेवटी मी मुद्द्यावर आले. फेऱ्या बारा केल्या, पहिला टप्पा ऑगस्टमध्ये सरकवला, चहाचा अल्पोपहार केला. पोरांचं दूध काही बसलं नाही. तिसरा टप्पा फेब्रुवारीत, पेठमध्ये, कोंबड्यांसह जिथल्या तिथे राहिला. आणि साहित्याच्या ओळीत तिसऱ्या चौकटीत ३३,३३४ लिहून कागद पुढे केला.

भाऊसाहेबांनी ठोकलं. एक लाख. पुन्हा ठोकलं. एक लाख. चेहरा उजळला. मग मावळला.

"पहिल्या दोन टप्प्यांत ३३,३३३. तिसऱ्यात एक रुपया जास्त. का?"

"बेरीज जुळावी म्हणून."

"तसं लिहिता येणार नाही. वाढीव खर्चाचं समर्थन लागेल. एक ओळ जोडा."

मी काकांकडे पाहिलं. शिक्कावाला जेवून आला होता, काकांचं चलन झालं होतं, ते पिशवी काखेत घेऊन उभे होते. दारातूनच त्यांनी सांगितलं, अगदी जुन्या सरकारी मराठीत, मी लिहून घेत गेले :

"तिसऱ्या टप्प्यात लाभार्थी महिला रोजगारार्थ स्थलांतरित असल्याने संभाव्य वाढीव खर्च, रुपये एक फक्त."

भाऊसाहेबांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि शिक्का मारला.