बरोबर बोलते म्हणून काय झालं?

राजेहो, आमच्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मराठी टेलिग्राम ग्रुपमधून एका भाऊला काढलं म्हणून इनबॉक्समध्ये माझी चांगलीच हजेरी घेणं सुरू आहे. "तुले टीका सहन होत नाही." "तो चुकीचं बोलत होता काय?" नाही ना बाप्पा. बहुतेक वेळा बरोबरच बोलायचा. पायथन सी प्लस प्लसपेक्षा हळू चालते, हे कोण नाकारतं? पण त्याच्या बरोबर असण्याची किंमत कोण मोजत होतं, ते बघा.

ग्रुपात दारव्हा, आर्णी, घाटंजीकडची पोरं आहेत. बरीच जण मोबाइलवरच कोड लिहितात. एका पोरीनं कापूस वेचणीच्या मजुरीचा प्रोग्राम टाकला होता. बायांची नावं, त्यांचे किलो, गुणिले दर. लूप, म्हणजे प्रत्येक बाईसाठी तोच हिशोब पुन्हा करणारा भाग, बरोबर, पण प्रिंटची ओळ पार डावीकडं चिकटलेली, म्हणजे लूपच्या बाहेर. त्यामुळे फक्त शेवटच्या बाईची मजुरी छापून यायची. प्रिंटच्या आधी चार स्पेस दिल्या (यालेच इंडेंटेशन म्हणतात) की काम फत्ते. तेवढं कोणी सांगायच्या आत या भाऊचा मेसेज: "इंडेंटेशन समजत नाही अन् चालली सॉफ्टवेअर बनवायले!" पुढं रात्रभर पायथन कशी भंगार भाषा आहे यावर कीर्तन. सकाळी पोरीनं प्रश्नच डिलीट केलेला. असे लोक सांगून जात नाहीत, म्हणून अ‍ॅडमिनला वाटतं सारं बरं चाललंय.

मोठ्या ठिकाणीही हेच. पायथनचा जनक ग्विडो व्हॅन रॉसम जुलै २०१८ मध्ये प्रमुखपदावरून बाजूला झाला. निमित्त := या नव्या चिन्हाचं. ते भाषेत आणायचा प्रस्ताव मंजूर झाला होता, म्हणजे वाद तो जिंकलाच होता. पण एका प्रस्तावासाठी एवढं भांडायचं अन् वर लोकांचा तिरस्कार झेलायचा, हे पुन्हा नको, असं लिहून मोकळा झाला. २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची कौन्सिल कारभार पाहते.

मग टीका करायचीच नाही का? करा ना! जीआयएल म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याला) पायथन चालवू देणारं कुलूप. त्याच्या नावानं लोकांनी वर्षानुवर्षं बोटं मोडली. सॅम ग्रॉस नावाच्या प्रोग्रामरनं ते कुलूप काढलेलं पायथन चालवून दाखवलं, त्यापायी वेगात काय घट येते तेही मांडलं. २०२३ मध्ये त्याचा प्रस्ताव मंजूर झाला, ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आलाही. याच्याहून कडक टीका कोणती असते?

पंगतीत भाजी अळणी आहे म्हणणं वेगळं अन् वाढणाऱ्या पोराच्या हातावर फटका मारणं वेगळं.

ग्रुपात त्या भाऊशी भांडायचं नाही, हे माझं ठाम मत. तुम्ही एक उत्तर दिलं की तो दहा देते, अन् ज्यानं प्रश्न विचारला तो राहतो बाजूला. म्हणून आधी फोन केला. "भाऊ, भाषेले काय बोलायचं ते बोल, शिकणाऱ्या पोरायले नको." तर म्हणे, "मी खरं बोलतो, लोकायले लागते त्याले मी काय करू?" मग काही दिवस म्यूट. सुटल्यावर पहिलाच मेसेज पुन्हा एका नवख्यावर. काढला.

अन् ज्यायले पायथन हळू वाटते, त्यायनं टाइमइट (कोडला लागणारा वेळ मोजणारं पायथनचं साधन) लावून आकडे टाका, संगं कोडही टाका. मी स्वतः पिन करतो.