गुडघ्याची कैफियत

"काका, या वयात गिअर कशाला? जरा गुडघ्यांचा विचार करा," असे मला मोटारीच्या शोरूममधल्या ज्या तरुण विक्रेत्याने सुनावले, त्याची विजार त्याच्याच गुडघ्यांवर इतकी ताणलेली होती की त्याला खाली वाकून साधी किल्लीही उचलता आली नसती. हे उत्तर मला त्या क्षणी सुचले नाही, घरी पोहोचल्यावर सुचले, आणि तेव्हापासून मी ते त्याला मनातल्या मनात अनेकदा ऐकवले आहे.

जळगावातल्या एका शोरूममध्ये मी नवी गाडी पाहायला गेलो होतो. मला हाताने गिअर टाकायची गाडी हवी होती आणि तिला मागच्या काचेवर वायपर व मागचे नीट दाखवणारा कॅमेरा हवा होता. या दोन मागण्या एकाच माणसाने करायच्या नसतात, असे तिथे समजले. गिअर हवा असेल तर खालचे व्हेरिएंट घ्यावे लागते, ज्यात वायपर नाही. वायपर हवा असेल तर वरचे घ्यावे लागते, जे फक्त ऑटोमॅटिकमध्ये येते. डेमोसाठीसुद्धा गिअरची गाडी उभी नव्हती. "मॅन्युअल आता कोणी मागत नाही," असे म्हणून तो माझ्या गुडघ्यांकडे वळला. माझे गुडघे उत्तम आहेत, हे इथेच नोंदवून ठेवतो.

तो किमतीचा कागद आणायला आत गेला आणि मी सोफ्यावर बसलो. बाहेर मे महिना होता, आणि जळगावच्या मे महिन्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. शोरूमच्या थंड हवेत माझ्याआधीच एक गृहस्थ स्थिरावलेले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, बोटांत अंगठ्या आणि हातात यंत्रातली फुकट कॉफी. त्यांची गाडी मागे सर्व्हिसिंगला लावलेली होती. रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी, तिथे सगळे त्यांना तात्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो.

"काय बजेट आहे दादा?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो इतक्या मोठ्याने विचारला की पलीकडे विमा उतरवायला आलेल्या दोन माणसांनीही कान टवकारले. मी आकडा पुटपुटलो. तात्यांनी तो मोठ्याने पुन्हा उच्चारला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग ठीक आहे." तो 'मंग ठीक आहे' मला अजून विसरता आलेला नाही.

त्यानंतर जे झाले, त्याला संभाषण म्हणता येणार नाही, कारण त्यात माझा वाटा मान हलवण्याइतकाच होता. जगातल्या सर्व मोटार कंपन्यांचे धोरण तात्यांनी केळीवरून उकलले होते. "हे पाहा, बाग एकच. पाणी एक, खत एक. चांगल्या फण्या निवडायच्या, धुवायच्या, फोम लावायचा, तेरा किलोच्या खोक्यात भरायच्या, म्हणजे तो माल दुबईले चालला. बाकीचा घड तसाच ट्रकमध्ये टाकला, तो दिल्लीले चालला. केळी दोन्ही एकच आहे भो! आता मले सांगा, लेक्सस म्हणजे काय?" मी काही म्हणायच्या आत त्यांनीच सांगितले, "टोयोटाचीच केळी. फोम लावलेली."

वाईट वाटायचे कारण असे की हे बरोबर होते. टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस नावाचे वेगळे खोके काढले, आणि त्यातली ई-एस ही मोटार टोयोटाच्याच कॅम्रीशी सांगाडा वाटून घेते. फोक्सवॅगनच्या घरात तर स्कोडापासून औडीपर्यंत कितीतरी गाड्यांच्या पोटात तेच सुटे भाग निघतात. गिऱ्हाईक पैसे मोजते ते वरच्या चिकटपट्टीचे. या फोक्सवॅगनचीच एक कथा तात्यांना तोंडपाठ होती. १९९८ मध्ये तिने ४३ कोटी पौंड मोजून इंग्लंडातला रोल्स-रॉइस आणि बेंटलीचा कारखाना घेतला, पण रोल्स-रॉइस हे नाव विमानांची इंजिने करणाऱ्या निराळ्याच कंपनीच्या मालकीचे निघाले, आणि तिने ते बीएमडब्ल्यूला देऊन टाकले. २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूच बनवते. "बाग यानं घेतली अन् लेबल त्यानं नेलं," तात्या इतके मनापासून हसले की कॉफी सदऱ्यावर सांडली. "असा व्यापारी आमच्या सावद्यात एक दिवस टिकणार नाही."

तात्यांना अडवायचे म्हणून मी मारुतीच्या इन्व्हिक्टोचा प्रश्न काढला. २०१९ मध्ये मारुतीची बलेनो टोयोटाने ग्लॅन्झा म्हणून विकायला घेतली, ते खोक्याच्या सिद्धान्तात बसत होते. परंतु २०२३ मध्ये टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीने इन्व्हिक्टो म्हणून विकायला काढली, म्हणजे दुबईचे खोके उलट दिल्लीच्या ट्रकमध्ये चढले. याचे काय? तात्या क्षणभर थांबले. मला वाटले, सापडले. पण त्यांनी शांतपणे रुमालाने सदरा पुसला आणि सांगितले, "तो उचललेला माल. आपल्याकडं त्या जातीचा माल नसला, अन् ट्रक तर भरायचा आहे, मंग शेजारच्या व्यापाऱ्याचा उचलायचा अन् आपलं लेबल लावायचं. त्याच्यात काय एवढं?" व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या माणसांकडूनही मी याहून चांगले स्पष्टीकरण ऐकलेले नाही, आणि त्यामुळे माझा संताप वाढला.

जग्वारवर मात्र त्यांचा खरा राग होता, आणि तो घरातल्या माणसावर असावा तसा होता. फोर्डने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन कंपन्या मिळवायला जितके मोजले होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत, म्हणजे २.३ अब्ज डॉलरना, टाटांनी २००८ मध्ये त्या दोन्ही फोर्डकडून घेतल्या, तेव्हा आपण सावद्यात पेढे वाटल्याचे तात्यांनी सांगितले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने नवे चिन्ह आणि नवी जाहिरात आणली, आणि त्या जाहिरातीत रंगीबेरंगी कपडे घातलेली माणसे होती पण एकही मोटार नव्हती. "तीस सेकंदांची जाहिरात, अन् मालच नाही! लिलावात गेलो, अन् केळीच नाही, नुसता मी उभा, तर मले कोण भाव देईल?" त्यांनी विमावाल्या दोघांना विचारले. ते दोघे घाबरून नाही म्हणाले. जग्वारने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या सोडून आता फक्त विजेच्या आणि पूर्वीपेक्षा बऱ्याच महाग मोटारी करायचे ठरवले आहे, म्हणजे कमी माल आणि चढा भाव, असे मी सुचवून पाहिले. "ते चालतं," तात्या म्हणाले, "पण मधल्या काळात मजुराले काय देणार?" इंग्लंडातली नव्या जग्वारची विक्री २०२४ च्या अखेरीसच थांबली होती, हे लक्षात घेता हा प्रश्न मला आजही निरुत्तर करतो.

एवढ्यात तो विजारवाला तरुण कागद घेऊन परत आला आणि मी पुन्हा गिअरचा विषय काढला, कारण मला कन्नडच्या घाटाची काळजी होती. चाळीसगावहून पलीकडे जायचे तर हा घाट टळत नाही. त्याचे जुने नाव औट्रम घाट. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करायला आलेल्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे ते नाव. औट्रमसाहेब घोड्यावरून गेले असावेत, आणि घोडा आपले गिअर आपणच बदलतो, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांची चौकशी कोणी केली नसावी. आज त्या घाटात गाड्यांची रांग लागली म्हणजे एकेक वळण चढायला जीव मेटाकुटीला येतो. तरुण मला जी स्वस्त ऑटोमॅटिक दाखवत होता ती ए.एम.टी. जातीची होती, म्हणजे मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओतून आपल्याकडे आणली ती. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो आणि क्लचही असतो. फक्त पायाऐवजी एक यंत्रणा तो दाबते, आणि प्रत्येक गिअर बदलताना आत बसलेल्यांना एकदा होकारार्थी मान हलवायला लावते. चढावरच्या गर्दीत इंचाइंचाने सरकताना तो क्लच तापतो. खरी गुळगुळीत ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाचा जोर पोहोचवणारी, हवी असेल तर आणखी पैसे. म्हणजे मी गिअर सोडायचा, वर पैसे मोजायचे, आणि घाटात मान हलवत बसायचे, कशासाठी, तर मागच्या काचेवर एक वायपर मिळावा म्हणून. उद्या म्हणतील, चार चाके हवी असतील तर सनरूफ घ्यावेच लागेल. हे विनोदाने लिहिले आहे, पण आता पाचवे चाक काही गाड्यांत मिळत नाही, त्याऐवजी पंक्चरची डबी देतात, आणि तो विनोद नाही.

"गिअरशिवाय मजा नाही!" तात्यांनी सोफ्यावरून डरकाळी फोडली आणि मला वाटले, अखेर एक माणूस माझ्या बाजूने उभा राहिला. "मी पोर्शचं वाचलं आहे. त्यांनी २०१३ मध्ये जीटी-थ्री नावाच्या वेगवान गाडीतून हाताचा गिअर काढला, तर शौकीन लोक पेटून उठले. मंग कंपनीनं २०१६ मध्ये ९११-आर नावाच्या गिअरवाल्या मोजून ९९१ गाड्या काढल्या, पुढं जीटी-थ्रीलेही गिअर परत दिला." हेही खरे होते. जर्मनीत ज्या माणसाकडे कोट्यवधी रुपये आहेत, तो हट्ट धरून गिअर परत मिळवतो, आणि जळगावात ज्याच्याकडे 'मंग ठीक आहे' एवढे बजेट आहे, त्याला वायपर आणि गिअर यांतून एक निवडायला सांगतात. "माझी शेतावरची बोलेरो आहे," तात्या पुढे म्हणाले, "बोलेरो गिअरमध्येच येते. दुसऱ्या गिअरात टाकली अन् घाट उतरू राह्यलो म्हणजे इंजिन कसं धरून ठेवतं, ते या पोराले काय माहीत?"

"तुम्ही स्वतः चालवता?" मी आदराने विचारले.

"मी? नाही. आमचा ड्रायव्हर चालवतो."

ड्रायव्हर काचेच्या दाराशी उभा होता. तात्यांनी त्याला साक्षीला बोलावले आणि गिअरची मजा काय असते ते साहेबांना सांग, असे फर्मावले. त्या माणसाने तात्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, डावा गुडघा थोडा दाबला आणि म्हणाला, "खरं सांगू का तात्या, ऑटोमॅटिक घ्या. तुम्ही मागं झोपता." विजारवाल्या तरुणाने त्याच क्षणी माझ्यासमोरचा कागद उचलून तात्यांसमोर ठेवला, वरच्या व्हेरिएंटचे पान उघडून, आणि मला एक कोरा कप दाखवून कॉफीच्या यंत्राची दिशा सांगितली.

माझी जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये किती जाईल, हे त्यांनी मला निघताना सांगितले. तो आकडा इथे लिहीत नाही. कारण विचारल्यावर "गिअरची आहे ना, काका," एवढेच उत्तर मिळाले. दोन दिवसांनी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. तो तात्यांच्या ड्रायव्हरचा होता. माझा नंबर त्याने शोरूममधूनच मिळवला होता, आणि मुलाला शिकायला म्हणून त्याला माझी जुनी गाडी हवी होती. आकडा मात्र त्याने शोरूमपेक्षाही खालचा सांगितला. तात्यांची गाडी बाहेर काढताना त्याने माझी बाजूला घेतली होती म्हणे, आणि साहेब, क्लच फार हार्ड झाला आहे, पाय ठेवून ठेवून प्लेट गेली असणार.

क्लच मुळीच हार्ड नाही.