१६ कोरच्या प्रोसेसरवर पैसे घालावेत का? स्टुडिओवाल्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळींत उत्तर देऊन सोडण्यासारखी नाहीये म्हणून जरा लांबलचक लिहितोय. तुमचं म्हणणं असं की मी ‘छोट्या स्टुडिओला १६ कोरची गरज नाही’ (कोर म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) असं लिहून लोकांना उगाच मागे ओढतोय, लग्नाचा व्हिडिओ वेळेवर द्यायचा ताण मला माहीत नाही, आणि एकदाच सगळ्यात भारी मशीन घेतलं की दहा वर्षं बघायला नको. शिवाय तुमचं फुटेज १०-बिट ४:२:२ एच.२६५ चं आहे, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवलेलं पण खूप दाबलेलं, आणि प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर ते अडकत अडकत चालतं.

आधी हे अडकण्याचं बघू, कारण तुमचे पैसे नेमके इथेच चुकीच्या जागी जातील अशी मला भीती वाटतेय. हे फुटेज सहज उलगडायला (डिकोड करायला) प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात वेगळं हार्डवेअर लागतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप चिपमध्ये क्विक सिंक नावाचं असं हार्डवेअर ४:२:२ उलगडतं, एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय ५० सिरीजपासून आली, आणि एएमडीच्या रायझन ७९५०एक्स मध्ये १६ कोर असूनही ती नाही, म्हणजे ते सगळं काम कोरनाच मारून-मुटकून करावं लागतं. म्हणून अशा टाइमलाइनवर इंटेलच्या आय५-१३५०० सारखा कितीतरी स्वस्त प्रोसेसर हलका चालतो. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका, आपल्या इंदूरच्या जेल रोडवर तो हजार-दोन हजार कमी सांगून समोर ठेवतात पण त्यात ग्राफिक्सच नसतं, मग क्विक सिंक कुठून येणार.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, छोटे छोटे चौकोन दिसतील. दोन-तीनच चौकोन वर आणि बाकीचे तळाला असतील तर कोर वाढवून काही होणार नाही. सगळे भरलेले दिसले तरी लगेच १६ कोरकडे धावू नका, खाली जीपीयूवर जाऊन व्हिडिओ डिकोडचा ग्राफ बघा. तो शून्यावर असेल तर उलगडण्याचा सगळा बोजा प्रोसेसर वाहतोय, आणि त्याला इलाज डिकोडर आहे.

आता एक्स्पोर्टचं. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं की कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो तो शेवटी सगळ्यांना अडवतो. एका कोरवर दहा मिनिटांचं काम धरा, त्यातलं एक मिनिट वाटता न येणारं. ८ कोरवर ते साधारण २ मिनिटं ८ सेकंदांत होतं, १६ वर १ मिनिट ३४ सेकंदांत. आणि वाटता न येणारा भाग निम्मा असला तर ५:३८ चे ५:१९ होतात, बस्स. त्या १९ सेकंदांसाठी दुप्पट पैसे का मोजायचे? सप्टेंबर २०२२ मध्ये ६ कोरचा ७६००एक्स २९९ डॉलरला आला आणि ७९५०एक्स ६९९ ला, एका कोरचा कमाल वेग ५.३ आणि ५.७ गिगाहर्ट्झ.

वरचा खर्च वेगळाच. ७९५०एक्स पूर्ण लोडवर २३० वॉटपर्यंत जातो. मे महिन्यात आपल्या इंदूरला पारा ४२ च्या वर गेलेला असताना त्या खोलीत बसून एडिट करायचं, भारी कूलर घ्यायचा, आणि दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, त्यात ग्राफिक्स कार्ड धरलं की लाइट गेल्या गेल्या तोही बसणार आणि चालू एक्स्पोर्ट जाणार.

ज्यांना १६ कोर खरंच लागतात ते आहेत, आणि त्यांना मी कधी नको म्हणत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर रेंडर टाकणारे, व्ही-रे या रेंडरिंग सॉफ्टवेअरवर रात्रभर इंटिरिअरचे सीन काढणारे, मोठा कोड दिवसभर कंपाइल करणारे. तिथे सगळे चौकोन तासन्‌तास भरलेले असतात आणि प्रत्येक कोर पैसे वसूल करून देतो. फक्त रॅम पण त्या मानाने घ्या, १६ जीबीवर १६ कोर कंपाइलला लावले की रॅमच संपते.

दहा वर्षांचं म्हणाल तर ते मला अजिबात पटत नाही. २०१७ मध्ये रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आला, ८ कोर, तेव्हा लोक हेच म्हणत होते. २०२३ मध्ये २२९ डॉलरचा ६ कोरचा ७६०० सगळे कोर लावून करायच्या कामातही त्याच्या पुढे गेला.

लग्नसराई सुरू व्हायला अजून वेळ आहे. तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल, सध्याचा प्रोसेसर, रॅम किती आणि फुटेज हार्ड डिस्कवरून चालवता की एसएसडीवरून, एवढं लिहा, आणि तो डिकोडचा ग्राफ कुठे होता तेही. ते कळेपर्यंत अ‍ॅडव्हान्स देऊ नका.