कॅश सर्व्हर आणि डिस्कव्हरी सर्व्हिस : बडोद्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. कॅश सर्व्हर, म्हणजे वारंवार लागणारा डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारी मशिनं. त्यांचे पत्ते डिस्कव्हरी सर्व्हिसकडून, म्हणजे आत्ता कोणती मशिनं चालू आहेत याची यादी ठेवणाऱ्या व्यवस्थेकडून घ्यावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया नीट वाचली. आपलं म्हणणं असं : मेमकॅश्ड या कॅश सॉफ्टवेअरच्या चार मशिनांचे पत्ते कॉन्फिग फाइलमध्ये लिहिले तरी काम भागतं, कॅश गेली तरी मूळ डेटा डेटाबेसमध्ये आहेच, आणि झूकीपर (अशी यादी ठेवणारं सॉफ्टवेअर) मध्ये आणलं तर ते बंद पडताच धडधाकट कॅशही त्याच्यासोबत जाईल. मुद्दे तिन्ही विचार करण्याजोगे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चार मशिनं वर्षभर तीच राहणार असतील तर फाइल पुरे. तिथे मीही झूकीपर लावणार नाही. पण मी लिहिलं ते इंदूरमधल्या खाण्याच्या ऑर्डरी घेणारी व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून. सकाळी पोहे-जिलबीची घाई, दुपारी सामसूम, आणि रात्री सराफा बाजारातले खाण्याचे ठेले भरले की पुन्हा गर्दी. मशिनं संध्याकाळी वाढतात, पहाटे कमी होतात. प्रत्येक वेळी नवी फाइल सगळ्या ॲप सर्व्हरांवर पोचेपर्यंत काहींकडे जुनी यादी असते, काहींकडे नवी. तेवढ्या वेळात एकाच पदार्थाच्या दोन किमती दोन मशिनांवर नांदू शकतात. डिस्कव्हरीतही हा काळ शून्य होत नाही, पण मिनिटांचा सेकंदांवर येतो.

‘डेटाबेस आहेच’ हे मात्र मला पटत नाही. मेमकॅश्डचे सर्व्हर एकमेकांना ओळखत नाहीत. कोणती नोंद कुठे ठेवायची हे क्लायंट लायब्ररी, म्हणजे ॲपमधला कॅशशी बोलणारा कोड, ठरवते. ती हॅशला (नोंदीच्या नावावरून काढलेल्या आकड्याला) मशिनांच्या संख्येने भागून बाकी घेत असेल, तर चाराची पाच मशिनं होताच ८० टक्के नोंदींची जागा बदलते. संशोधक कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली कन्सिस्टंट हॅशिंग ही वाटणीची पद्धत वापरली तर साधारण पाचवा हिस्साच हलतो. पण रात्रीच्या गर्दीत तो पाचवा हिस्साही थेट डेटाबेसवर कोसळतो, आणि डेटाबेसची ताकद आपण पुढे कॅश आहे असं धरूनच मोजलेली असते.

आता ज्या मुद्द्याकडे आपलं लक्ष गेलं नाही असं वाटतं, तो सांगतो. माझ्या मते सगळ्यात धोक्याचा तोच आहे.

समजा मशीन ‘क’चं झूकीपरशी बोलणं अर्धा मिनिट तुटलं. मशीन स्वतः चालू आहे. सेशन (झूकीपरशी चालू असलेली जोडणी) संपलं, झूकीपरमधली त्याची तात्पुरती नोंद पुसली गेली, यादीतून ‘क’ गेलं आणि त्याच्याकडचा मेनू ‘ख’कडे गेला. तेवढ्यात दुकानदाराने कचोरीची किंमत बदलली. ॲपने जुनी नोंद पुसली, पण ‘ख’वरची. मग ‘क’ परत आलं, पोटात जुनी किंमत घेऊन. मुदत संपेपर्यंत ती आता कोणीच पुसणार नाही. गिऱ्हाइकाला जुना भाव दिसतो आणि लॉगमध्ये एकही एरर नसते. म्हणून परत येणाऱ्या मशीनने आधी स्वतःची कॅश रिकामी करावी, मगच नाव नोंदवावं. मेमकॅश्ड हे स्वतःहून करत नाही. त्याच मशीनवर शेजारी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, म्हणजे एजंटला, ते करावं लागतं. त्या एजंटने नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढं बघून थांबू नये, एक नोंद लिहून परत वाचून पाहावी. नाहीतर एजंट जिवंत आणि मेमकॅश्ड अडकलेलं, तरी यादीत नाव तसंच राहतं.

यावरून माझं मत बनलंय की डिस्कव्हरीला फक्त पत्ता विचारावा, मालकी ठरवू देऊ नये. हॅशिंग आयपी पत्त्यावर न करता ‘जागा १’, ‘जागा २’ अशा कायम नावांवर करावं, आणि त्या जागेवर आत्ता कोणतं मशीन आहे एवढंच झूकीपरने सांगावं. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार, रात्री त्याच दुकानांपुढे खाण्याचे ठेले. बसणारा बदलतो, ओटा तोच राहतो. तसंच मशीन बदललं तरी नोंदींची वाटणी हलत नाही. जागांची संख्या बदलायची तर ती ठरलेल्या वेळी आणि आपल्या हाताने.

आणि जागा रिकामी पडली तर? तिचा भार शेजाऱ्यावर टाकू नये. फेसबुकने २०१३ च्या निबंधात याचं कारण दिलंय : एकट्या नोंदीकडेच एका सर्व्हरच्या २० टक्के विनंत्या येऊ शकतात, ती शेजारी गेली की शेजारीही झोपतो. त्यांनी क्लस्टरमधले (मशिनांच्या समूहातले) सुमारे एक टक्का सर्व्हर राखीव ठेवले, आणि तिथल्या नोंदींची मुदत अगदी थोडी. लहान व्यवस्थेत एक राखीव मशीनही खूप उपयोगी पडतं.

राहिला झूकीपर बंद पडण्याचा प्रश्न. क्लायंटने शेवटची चांगली यादी मेमरीत आणि डिस्कवर ठेवावी. झूकीपर बोलत नसेल तर तीच वापरत राहावं. यादी एकदम रिकामी आली किंवा निम्मी गायब झाली तर नवी यादी स्वीकारू नये, माणसाला कळवावं. दर दहा सेकंदांनी पत्ता बदलतोय अशी व्यवस्था ही नाही, त्यामुळे थोडी शिळी यादी चालते.

आपण हे तपासून पाहावं अशी विनंती आहे. चाचणीच्या क्लस्टरवर झूकीपरची सगळी मशिनं एकदम बंद करा आणि कॅशचा हिट रेट (किती विनंत्यांना कॅशमधूनच उत्तर मिळालं ते प्रमाण) बघा. तो घसरला तर दोष क्लायंट लायब्ररीत आहे. आपण कोणती लायब्ररी वापरता ते लिहिलंत, तर तिच्या सेटिंगबद्दल पुढे बोलू.