पेटन, जेंटी आणि डावीकडचं भगदाड : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (हे लिहितोय ते एप्रिल २०२५ मध्ये.) २४ एप्रिलला ग्रीन बेमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट सुरू होतोय. त्यात संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात आणि आपल्या शिकागो बेअर्सची पहिली निवड दहाव्या क्रमांकावर आहे. तोवर बॉइझी स्टेट कॉलेजचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, अ‍ॅश्टन जेंटी शिल्लक असला, तरी त्याच्याऐवजी लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा गडी, घ्यावा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. काकांच्या मते हे वहीतल्या आकडेमोडीचं शहाणपण आहे. ते १९८३ पासून शिकागोत आहेत, बेअर्सचा जुना रनिंग बॅक वॉल्टर पेटन याला त्यांनी सोल्जर फील्डवर, बेअर्सच्या मैदानावर, धावताना पाहिलंय. बेअर्स हा मुळात रनिंग बॅकचा संघ, क्वार्टरबॅकला वाचवणारी मधली फळी यंदा तीन नवे गडी आणून बांधून झालीच आहे, आणि रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीने फिलाडेल्फियाला काय मिळवून दिलं ते फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जगाने पाहिलं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय आपला सध्याचा लेफ्ट टॅकल ब्रॅक्स्टन जोन्स याला मी ‘कामचलाऊ’ म्हटलं, ते त्यांना अजिबात आवडलेलं नाही.

त्या शब्दाचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. तो मी मागे घेतो. सदर्न युटासारख्या लहान कॉलेजातून, २०२२ च्या पाचव्या फेरीत, १६८ व्या क्रमांकावर घेतलेला मुलगा पहिल्याच हंगामात सतराच्या सतरा सामने लेफ्ट टॅकल म्हणून खेळतो, त्याला कामचलाऊ म्हणणं अन्यायाचं होतं. पण काका, डिसेंबरमध्ये त्याचा घोटा मोडला आणि त्याच्या कराराचं हे शेवटचं वर्ष आहे. त्याच्या पाठीमागे भरवशाचा दुसरा कुणी नाही. एवढ्या एका घोट्यावर अख्खा हंगाम टांगून ठेवायचा का, हा माझा प्रश्न आहे.

आता पेटन. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग मला सगळ्यात जास्त भावला, आणि माझं म्हणणं मला तिथेच सापडतं. पेटनला बेअर्सनी १९७५ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या सामन्यात तो आठ वेळा चेंडू घेऊन धावला आणि हाती आले शून्य यार्ड. तो पुढे काय झाला ते मी तुम्हाला सांगायला नको. पण १९७५ ते १९८२ या आठ हंगामांत, म्हणजे पेटन ऐन भरात असताना, संघ प्लेऑफमध्ये पोचला फक्त दोनदा, १९७७ आणि १९७९ मध्ये. दोन्ही वेळा पहिल्याच सामन्यात गारद.

मग आलं १९८३, तुम्ही शिकागोत आलात ते साल. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बेअर्सनी सहाव्या क्रमांकावर कोण घेतला? जिम कोव्हर्ट. लेफ्ट टॅकल. त्याच ड्राफ्टमध्ये मार्क बोर्ट्झ आणि टॉम थेयर हे पुढे गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचे गडी) झालेले दोघेही घेतले. कीथ व्हॅन हॉर्न १९८१ पासून उजवीकडे होता आणि मधला जे हिल्गेनबर्ग तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. १९८३ ते १९८६ अशी सलग चार वर्षं धावण्याच्या यार्डांत बेअर्स अख्ख्या लीगमध्ये पहिले होते. १९८४ च्या अखेरीस वॉशिंग्टनला २३-१९ असं हरवलं, तो १९६३ नंतरचा बेअर्सचा प्लेऑफमधला पहिला विजय. पुढच्या हंगामात १५ विजय, १ पराभव, आणि सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ४६-१०. तेव्हा पेटन तिशी ओलांडलेला होता. म्हणजे विशीतल्या पेटनला जे एकट्याने जमलं नाही, ते तिशीतल्या पेटनला समोर भिंत उभी राहिल्यावर जमलं. (त्या संघाचा बचाव अजोड होता, हे मला मान्य आहे. पण लीगमध्ये धावण्याचे सगळ्यात जास्त यार्ड बचाव काढत नसतो.)

बार्कलीचीही तीच गोष्ट. न्यूयॉर्क जायंट्सनी २०१८ मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी त्याने १,३०७ यार्ड काढले, सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. संघाचं काय झालं? ५-११, आणि पुढच्या वर्षी ४-१२. तोच गडी २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला, लेन जॉन्सन आणि जॉर्डन मायलाटा या टॅकलच्या मागे धावला आणि २,००५ यार्ड काढून सुपर बोल जिंकला. त्याचे पाय तेच होते. पुढची माणसं बदलली होती.

तुम्ही बेन जॉन्सनचा दाखलाही दिलाय : आपला नवा प्रशिक्षक डेट्रॉइटमध्ये असतानाच त्या संघाने जामीर गिब्ज हा रनिंग बॅक बाराव्या क्रमांकावर घेतला होता, मग आपण दहाव्यावर का घेऊ नये? क्रम पाहा, काका. डेट्रॉइटने २०१६ मध्ये पहिल्या फेरीत टेलर डेकर घेतला, २०१८ मध्ये फ्रँक रॅग्नो, २०२१ मध्ये पेनेई सूएल. तिघेही आघाडीच्या फळीतले. आणि मग २०२३ मध्ये गिब्ज. घर बांधून झाल्यावर त्यांनी झुंबर लावलं. आपल्याकडे अजून एका बाजूची भिंत पडकी आहे.

किती पडकी, ते मी गेल्या १० नोव्हेंबरला स्टँडमध्ये बसून पाहिलं. मुलीला पहिल्यांदाच सोल्जर फील्डवर घेऊन गेलो होतो. न्यू इंग्लंडने १९-३ असं हरवलं आणि आपला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकायच्या आत नऊ वेळा आडवा पाडला. सहाव्या-सातव्या वेळी तिने विचारलं, “बाबा, त्याला कुणी वाचवत का नाही?” मला उत्तर देता आलं नाही. हंगामाअखेर तो आकडा ६८ झाला. एका हंगामात याहून जास्त सॅक आजवर दोघांनीच सोसलेत : १९८६ मध्ये रँडल कनिंगहॅमने ७२ आणि २००२ मध्ये डेव्हिड कारने ७६. हे सगळे काही फळीचेच दोष नाहीत, केलेब चेंडू फार वेळ हातात धरून ठेवतो. पण तेवीस वर्षांच्या मुलाला आणखी एक असा हंगाम दिला, तर त्याचा कार होईल ही भीती मला खरोखर वाटते. कारही पहिल्याच क्रमांकावर निवडलेला होता.

“मधली फळी बांधून झाली” हे खरं आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. जो थुनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन : एका महिन्यात तिघे. उजवीकडे डार्नेल राइट आहेच. पण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, ती डावी बाजू सांभाळणारा माणूस वेगळाच लागतो. थुनी तिथेही खेळू शकेल असं तुम्ही सुचवलंत. कॅन्सस सिटीने हंगामाच्या शेवटी नेमकं तेच केलं, आणि सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा गडी न धाडता, फक्त चार गडी सोडून, त्यांचा क्वार्टरबॅक मॅहोम्स याला सहा वेळा लोळवलं. उत्तम गार्ड टॅकलच्या जागी हलवला की दोन्ही जागा दुबळ्या होतात.

पैशाचं थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात खेळाडूची किंमत बोलीवर ठरते. इथे २०११ पासून ती निवडीच्या क्रमांकावर जवळपास ठरलेली असते : दहाव्या क्रमांकाला जे मिळतं, ते टॅकललाही मिळतं आणि रनिंग बॅकलाही. बाजारात मात्र बार्कलीचा नवा करार वर्षाला २ कोटी ६ लाख डॉलरचा आहे, रनिंग बॅकमध्ये सर्वाधिक, तर टॅम्पाच्या टॅकल ट्रिस्टन वर्फ्सचा २ कोटी ८१ लाखांचा. जी जागा बाजारात महाग, ती ड्राफ्टमध्ये भरावी. ही वहीतली आकडेमोड आहे हे कबूल, पण त्याच वाचलेल्या पैशातून पुढे चांगला रनिंग बॅक विकत आणता येतो.

जेंटीबद्दल माझ्या मनात काडीचाही आकस नाही. एका हंगामात २,६०१ यार्ड, बॅरी सँडर्सच्या कॉलेजातल्या विक्रमापेक्षा फक्त २७ कमी. असा मुलगा दर वर्षी येत नाही. तरीही एलएसयूचा विल कॅम्पबेल किंवा मिझूरीचा आर्मांड मेम्बू दहाव्यावर शिल्लक असेल, तर मी डोळे मिटून त्याचं नाव देईन. दोघे आधीच गेले तर टेक्ससचा केल्विन बँक्स.

आणि तुमचं रनिंग बॅकचं म्हणणं मी टाकून देत नाहीये. आपला सध्याचा रनिंग बॅक डँड्रे स्विफ्ट याची गेल्या वर्षीची सरासरी दर धावेमागे ३.८ यार्ड होती, ती पुरेशी नाही. पण यंदा रनिंग बॅकचं पीक चांगलं आलंय आणि आपल्याकडे दुसऱ्या फेरीत दोन निवडी आहेत, ३९ आणि ४१.  तिथे मला ओहायो स्टेटचा ट्रेव्हियन हेंडरसन हवाय. गेल्या हंगामात १४४ वेळा धावून १,०१६ यार्ड. पण मला तो हवाय वेगळ्याच कारणासाठी : हातात चेंडू नसताना तो धावून येणाऱ्या बचावपटूला अंगावर घेतो आणि आपल्या क्वार्टरबॅकची पाठ राखतो. पेटन हे कसं करायचा, ते तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. गुरुवारी संध्याकाळी सातला, म्हणजे पुण्यात शुक्रवारी पहाटे साडेपाचला, पहिली फेरी सुरू होईल. हेंडरसनचं ब्लॉकिंग त्याआधी एकदा पाहा आणि मला सांगा.