डॉ. ड्रूचा रेडिओ आणि डॉ. ड्रूचा टीव्ही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, राग कळला, आणि उत्तर लांब होतंय म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मी डॉ. ड्रू पिन्स्की या व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरच्या रेडिओवरच्या कामाचं एका लेखात कौतुक केलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की या माणसाने व्यसनी लोकांचे हाल टीव्हीवर विकले, त्याच्या शोमधले पाच जण गेले, औषध कंपनीचे पैसे घेतले, तेव्हा लेख काढून टाका.

आधी रेडिओ. लॉस एंजेलिसच्या केआरओक्यू या रेडिओ स्टेशनवर 'लव्हलाइन' या फोनवरून प्रश्न विचारायच्या कार्यक्रमात तो बोलायला लागला तेव्हा मेडिकलला शिकत होता. १९८० च्या दशकाची सुरुवात, एड्सची पहिली नोंद १९८१ ची, आणि तरुण पोरांशी मोकळं बोलणारं कोणी नाही. रात्री उशिरा पोरं फोन करायची, दारू, गोळ्या, सेक्स, घरातली मारहाण, काहीही विचारायची, आणि तो विचारलेल्या प्रश्नामागचा प्रश्न पकडायचा, लहानपणी काही झालं होतं का, घरात कोण पितं, असं सरळ विचारायचा. फोनवर कोणी बरं होत नाही हे मान्य. पण घरी बसून ऐकणाऱ्याला आपल्यासारखं अजून कोणीतरी आहे आणि यावर उपचार असतो एवढं तरी कळायचं. फोन करणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, आडनाव कोणी विचारत नव्हतं, आणि नको वाटलं तर फोन ठेवून द्यायचा. किती उघडं व्हायचं ते त्याच्या हातात होतं, माझा सगळा मुद्दा यावरच उभा आहे.

२००८ ला व्हीएच वन या अमेरिकन टीव्ही चॅनेलवर त्याचा 'सेलिब्रिटी रिहॅब' हा शो आला, प्रसिद्ध लोकांचे व्यसनावरचे उपचार कॅमेऱ्यासमोर दाखवणारा, आणि नेमकं हेच गेलं. चेहरा उघडा, नाव आधीच प्रसिद्ध, वर भाग घ्यायचे पैसे. नशा उतरताना अंग थरथरतंय, झोप नाही, उलट्या चालू आहेत, अशा माणसाची संमती किती खरी धरायची? कागदावर सही असेल, कायद्याने चालतही असेल, पण डॉक्टरने तिथे कॅमेरा बंद करायला सांगायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पैशासाठी का होईना माणूस उपचाराला तर येतो, हे ड्रूचं समर्थन मला पटत नाही. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने.

पण पाच मृत्यूंचं गणित तुम्ही मांडता तसं नाही. माइक स्टार आणि जेफ कॉनवे २०११ मध्ये गेले, रॉडनी किंग आणि जोई कोवार २०१२ मध्ये, मिंडी मॅक्रेडी २०१३ मध्ये. यात किंग घरच्या स्विमिंग पूलमध्ये बुडाला, मॅक्रेडीने आत्महत्या केली, सगळ्यांचं कारण एक नाही. व्यसन उलटण्याचं प्रमाण एरवीही ४० ते ६० टक्के सांगतात, चांगल्यात चांगल्या ठिकाणी उपचार घेऊनही लोक परत वळतात. त्यात अफूच्या जातीच्या औषधांचं तर असं की काही दिवस बंद केलं की शरीराची सहनशक्ती उतरते, मग माणूस जुन्या सवयीने जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून उपचारानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे. शोने मारलं असं म्हटलं की ही माहिती बाजूला पडते, आणि ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना तीच हवी असते.

ग्लॅक्सो या औषध कंपनीचं, म्हणजे तुम्ही म्हणता त्या पैशांचं, प्रकरण मात्र मला शोपेक्षाही गंभीर वाटतं. १९९९ मध्ये कंपनीने त्याला २,७५,००० डॉलर दिले, वेलब्युट्रिन या डिप्रेशनच्या औषधाबद्दल चांगलं बोलायला, तेही तो कंपनीतर्फे बोलतोय हे कळणार नाही अशा ठिकाणी, असं अमेरिकन सरकारच्या तक्रारीत आहे, आणि हे बाहेर आलं २०१२ मध्ये, कंपनीने ३ अब्ज डॉलरची तडजोड केली तेव्हा. मी बोललो ते माझ्या अनुभवाला धरूनच होतं असं तो म्हणाला. असेलही. पण ऐकणाऱ्याला पैशाचं माहीत नव्हतं, आणि तो ऐकत होता ते फक्त समोर डॉक्टर आहे म्हणून.

तर लेख काढणार नाही. तो रेडिओच्या वर्षांबद्दल होता आणि त्या वर्षांबद्दल माझं मत तेच आहे. ग्लॅक्सोबद्दल सविस्तर वेगळं लिहितोय, त्यावर तुम्ही जरूर भांडा.